३६ गुण की ३६चा आकडा?

लग्नाच्या बाजारात तुम्ही उतरला असाल (आणि पंचविशी ओलांडली असेल तर घरच्यांनी तुम्हाला न विचारता उतरवलंच असेल!), तर ‘मॅचमेकिंग’ म्हटलं की डोळ्यांसमोर बायोडेटा, पत्रिका आणि पोह्यांची डिश येणार. नागपूर असेल तर पोह्यांवर तर्रीसुद्धा. पण जरा आजूबाजूला बघा. खापरीला जाणाऱ्या मेट्रोत, ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये, धरमपेठेतल्या कॅफेच्या कोपऱ्यात कुणीतरी मोबाइलवर पत्ते टाकत बसलेलं दिसेल. बदाम सात नव्हे, रमीही नव्हे. ड्रॅगन, जादूगार, पिकाचू असले पत्ते! या पोराची मॅच दर दहा मिनिटांनी जुळते. पत्रिका तिथेही बघतात, गुण तिथेही मोजतात. फरक एवढाच, की शोध जोडीदाराचा नसतो, दुश्मनाचा असतो.

बटण दाबलं की स्क्रीनवर एक चक्र फिरायला लागतं. हर्थस्टोन या गेममध्ये हे चक्र थांबतं आणि त्यावर शब्द झळकतात, ‘योग्य प्रतिस्पर्धी’. पाच-दहा सेकंदांत, हजारो अनोळखी लोकांतून, तुमच्यासाठी एक माणूस निवडला गेलेला असतो. पण योग्य म्हणजे नेमका कसा? आणि हे ठरवतो कोण? आपल्या घरच्या मध्यस्थ काकूंना निदान फोन करून विचारता येतं, ‘काकू, हे स्थळ का आणलंत?’ इथे तीही सोय नाही. म्हणून म्हटलं, या काकूंचा शोध घेऊ या.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं जमवली होती ना? तोच किडा, फक्त मोठ्या माणसांचा. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने १९९३मध्ये ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ आणला आणि ‘कलेक्टिबल कार्ड गेम’ नावाची जातच जन्माला घातली. पाकिटं विकत घ्यायची, आत कुठले पत्ते निघतील ते नशीब, त्यातून आपला डेक बांधायचा आणि भिडायचं. म्हणजे मेंढीकोटसारखे सगळ्यांना एकाच गड्डीतून पत्ते वाटत नाहीत. प्रत्येक जण आपली गड्डी घरून घेऊन येतो! पुढे हा सगळा मामला ऑनलाइन गेला. २०१४मध्ये हर्थस्टोन (३० पत्त्यांचा डेक), २०१९मध्ये मॅजिकचीच ‘अरीना’ ही ऑनलाइन आवृत्ती, २०२२मध्ये मार्व्हल स्नॅप (फक्त १२ पत्ते, गेम काही मिनिटांत खलास) आणि २०२४च्या ऑक्टोबरमध्ये पोकेमॉनचं ‘पॉकेट’. कागदी पत्त्यांच्या जमान्यात प्रतिस्पर्धी म्हणजे दुकानात त्या संध्याकाळी जो हजर असेल तो. ऑनलाइनमध्ये हजर असतं अख्खं जग. मग निवड करावीच लागते.

एलोसाहेबांचा फंडा

ही निवड समजून घ्यायला नागपूरकरांना सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही, बुद्धिबळाच्या कुठल्याही स्पर्धेच्या हॉलबाहेर उभं राहिलं तरी पुरे. २०१९मध्ये रौनक साधवानी १३व्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, २०२५मध्ये दिव्या देशमुखने महिलांचा वर्ल्ड कप मारला, आणि आपल्या शहरात बुद्धिबळाचे क्लास लावायची चढाओढ सुरू झाली. या हॉलबाहेरच्या आईबाबांना पोराच्या शाळेतले मार्क एक वेळ आठवणार नाहीत, पण रेटिंग तोंडपाठ असतं. ‘आमच्याचं अठरा पॉइंट वाढलं!’ हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ते ज्या आनंदात म्हटलं होतं, तो आनंद सीए पास झाल्यावर असतो.

हे रेटिंग म्हणजे एलो. हा कुठला शॉर्टफॉर्म नाही, माणसाचं आडनाव आहे. अर्पाद एलो हे मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत मिलवॉकी शहरात फिजिक्स शिकवायचे आणि स्वतः पट्टीचे बुद्धिबळपटू होते. त्यांची पद्धत अमेरिकेच्या संघटनेने १९६०मध्ये आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७०मध्ये स्वीकारली. फंडा एकदम सोपा. दोघांच्या आकड्यांतला फरक बघायचा आणि त्यावरून अंदाज बांधायचा. फरक शून्य असेल तर ५०-५०. १०० असेल तर वरच्याला साधारण ६४ टक्के, २०० असेल तर ७६, आणि ४०० असेल तर ९१. मॅच झाली की अंदाज आणि निकाल यांतल्या तफावतीप्रमाणे आकडे हलवायचे. बरोबरीच्याला हरवलं तर १० गुण मिळत असतील, तर आपल्याहून ४०० वर असलेल्याला हरवलं की १८. आणि त्याच्याकडून हरलात तर? जेमतेम दोन जातील. हरणं अपेक्षितच होतं, बॉस!

आता गंमत बघा. पत्रिकेत ३६पैकी १८ गुण जुळले की भटजी मान डोलवतात. एलोच्या हिशेबातही उत्तम जोडी म्हणजे निम्म्याला निम्मी. जवळपास सगळ्या कार्ड गेम्सच्या मॅचमेकिंगच्या पोटात याच कल्पनेची मुलं-नातवंडं बसलेली आहेत. एक मुलगा म्हणजे मार्क ग्लिकमन यांची १९९५ची ‘ग्लिको’ पद्धत. ती नुसता आकडा ठेवत नाही, त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हेही ठेवते. महिनाभर खेळला नाहीत तर तुमच्याबद्दलची तिची खात्री कमी होते आणि परत आल्यावर आकडा भराभर वरखाली होतो. दुसरा ‘ट्रूस्किल’, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी बनवलेला. त्यात टीममधल्या प्रत्येकाचा वेगळा अंदाज काढता येतो.

पत्त्यांना हे ‘खात्री’ प्रकरण जास्त लागतं. बुद्धिबळात पट उघडा असतो, घोडा कुठे आहे ते दोघांनाही दिसतं. पत्त्यांत गड्डी पिसली जाते. जगातला बेस्ट खेळाडूसुद्धा हातात भंगार पत्ते आले की नवशिक्याकडून मार खातो. म्हणजे एकेका मॅचमधून सिस्टिमला तुमच्याबद्दल फारच थोडं कळतं. त्यामुळे खूप मॅचेस लागतात. आणि तुम्ही खूप मॅचेस खेळलात तर गेमवाल्यांची काही हरकत असते का? छे!

वरचा नंबर, आतला नंबर

बहुतेक गेम्समध्ये तुमचे नंबर दोन असतात. एक मिरवायचा, एक आतला. मिरवायचा म्हणजे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड वगैरे. व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट टाकायला तो. आतला म्हणजे एमएमआर, मॅचमेकिंग रेटिंग. तो सहसा दाखवत नाहीत. कंपनीत पदनाम आणि सीटीसी असतात ना, तसंच. ‘सीनिअर एक्झिक्युटिव्ह’ सगळ्यांना कळतं, खरा आकडा फक्त एचआरला.

हर्थस्टोनचं उदाहरण घ्या, कारण त्यांनी आपली पद्धत बरीचशी उघड सांगितली आहे. एप्रिल २०२०मध्ये त्यांनी सगळी शिडी बदलली. ब्राँझपासून डायमंडपर्यंत पाच लीग, प्रत्येकीत दहा पायऱ्या, प्रत्येक पायरीला तीन स्टार, आणि शिडीच्या डोक्यावर ‘लेजंड’. दर महिन्याच्या एक तारखेला सगळे धाडकन खाली. आता विचार करा, लेजंडमधला पठ्ठ्या ब्राँझमध्ये आला आणि तिथल्या गरिबांवर सुटला तर काय होईल? कत्तल! म्हणून त्याला ‘स्टार बोनस’ देतात. एका विजयाला एकाऐवजी अनेक स्टार मिळतात आणि तो झपाट्याने वर चढतो. जोवर हा बोनस आहे तोवर त्याची गाठ आतल्या नंबराने घालतात, म्हणजे ब्राँझमध्ये बसूनही तो आपल्या तोडीच्या लोकांशीच लढत असतो. बोनस संपला की मग दिसणाऱ्या रँकने. नवशिक्यांची लीगच वेगळी. आपल्या गल्लीत धाकट्या भावाला खेळायला घ्यायचो, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. लिंबूटिंबू! हा सगळ्यात जुना मॅचमेकिंगचा नियम असावा.

थोडा विचार केला तर ही भानगड लक्षात येते. चांगलं मॅचमेकिंग म्हणजे तुम्हाला पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवणारं मॅचमेकिंग. तुम्ही सुधारलात, की समोरचाही सुधारलेला मिळणार. ऑफिसात अप्रेझल झालं की टार्गेट वाढतं, तसंच. आपण पुढे जातोय हे मात्र जाणवत नाही, कारण अर्ध्या मॅचेस आपण हरतच राहतो. वरच्या पातळीवरच्या खेळाडूला आपण भारी आहोत हे विजयांच्या संख्येवरून कळत नाही. आपण कुणाकडून हरतोय, यावरून कळतं.

आणि दरवेळी समोर माणूसच असतो असंही नाही. मार्व्हल स्नॅपमध्ये माणसांच्या वेषात बॉटही उतरवतात. रात्री तीन वाजता कुणी जागं नसेल, किंवा तुम्ही अगदी नवे असाल, तर वाट बघायला लावण्यापेक्षा बॉट बरा, हे त्यामागचं लॉजिक. कारण प्रत्येक मॅचमेकिंगमध्ये एक सौदा लपलेला असतो. पहिले काही सेकंद तुमच्या अगदी जवळच्या नंबराचा माणूस शोधायचा, नाही मिळाला तर जाळं रुंद करायचं, अजून नाही मिळाला तर अजून रुंद. लग्नाच्या बाबतीतही तिशीनंतर ‘मुलगा इंजिनीअरच हवा’ची अट सैल होतेच की!

‘सेटिंग आहे सगळी!’

हे सगळं मी माझ्या मामेभावाला ऐकवलं. तो मिहानमधल्या एका कंपनीत आहे, रात्रीच्या शिफ्टनंतर झोप येईपर्यंत असाच एक कार्ड गेम खेळतो. (कुठला ते लिहीत नाही.) त्याने माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, सेटिंग आहे सगळी. मी डेक बदलवला का लगेच समोर त्याचा बाप येते! गेमवाले पत्ते पाहून राहिले ना माझे.” काल तो सलग पाच वेळा हरला होता. आणि त्यानंतर दुकान उघडून त्याने पाकिटं घेतली होती. किती रुपयांची ते मामीला सांगायचं नाही, या अटीवर मला सांगितलं. आकडा ऐकून मी पण गप्प झाले. त्याच्या महिन्याच्या पेट्रोलपेक्षा जास्त.

तुमच्याही ओळखीत असा एक जण असणारच. तो वेडा आहे का?

आधी गणित. तुम्ही आणि समोरचा तंतोतंत तोडीचे आहात, म्हणजे प्रत्येक मॅच छापा-काटा. पाच मॅचेस सलग हरण्याची शक्यता ३२त एक. ऐकायला कमी वाटतं. पण एका रात्रीत तुम्ही २० मॅचेस खेळलात, तर त्यात कुठेतरी किमान एकदा सलग पाच पराभव येण्याची शक्यता साधारण २५ टक्के असते. दर चौथ्या रात्री! १०० मॅचेस खेळलात तर हीच शक्यता ८० टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे कुणीही सेटिंग केली नाही तरी भावाची ती काळरात्र येणारच होती. आणि ‘डेक बदलला की बाप येतो’ हे तर पत्त्यांच्या खेळाचं अंगच आहे. झटपट हल्ला करणारा अॅग्रो डेक, दम खाऊन मारणारा कंट्रोल डेक, एकच हुकमी चाल जुळवत बसणारा कॉम्बो डेक. प्रत्येकाचा कुणीतरी बाप आणि कुणीतरी पोरगा असतोच. दगड-कागद-कात्रीच ती. बाप आलेला लक्षात राहतो. पोरगा आला तर आपण म्हणतो, आज मी काय मस्त खेळलो!

इथे लेख संपवून भावाला बिनडोक ठरवता आलं असतं. पण तसं नाहीये.

पहिली गोष्ट, गेम खरंच पत्ते बघतात. सगळे नाही आणि सगळीकडे नाही, पण बघतात. मॅजिक अरीनामध्ये रँक नसलेल्या साध्या मॅचेससाठी खेळाडूच्या रेटिंगबरोबर डेकचं वजनही लक्षात घेतात, हे कंपनीनेच सांगितलेलं आहे. हेतू उलटा आहे, बाप गाठून देण्याचा नाही. नुकत्याच आलेल्या पोराचा फुकट मिळालेला डेक हजारो रुपयांच्या डेकसमोर पडू नये, एवढ्यासाठी. पण एकदा पत्ते तोलायचे म्हटले की तराजू आला, आणि तराजू आला की मापात पाप करणारेही आले. ज्या पत्त्याचं वजन कमी लावलंय पण जो जबरी चालतो, असा पत्ता शोधून त्याच्या जोरावर कच्च्या डेकवाल्यांना झोडपणारे महाभाग असतात. काही जण तर मुद्दाम धडाधड हरून आतला नंबर खाली आणतात. मग आरामात शिकार.

दुसरी गोष्ट जरा गंभीर. ऑक्टोबर २०१७मध्ये अॅक्टिव्हिजन या बड्या गेम कंपनीला अमेरिकेत एक पेटंट मिळालं. अर्ज २०१५चा. त्यात लिहिलेलं होतं, की खेळाडूची गाठ अशा माणसाशी घालता येईल ज्याच्याकडे विकत मिळणारी भारी वस्तू आहे. मार खाऊन त्यालाही ती घ्यावीशी वाटेल. आणि घेतल्यावर पुढची मॅच अशी द्यायची, जिथे ती वस्तू मस्त चालेल. म्हणजे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतील! पेटंटमधलं उदाहरण बंदुकांच्या गेमचं आहे, पत्त्यांचं नाही, आणि हे संशोधनापुरतं आहे, कुठल्याही गेममध्ये वापरलेलं नाही, असं कंपनीने लगेच सांगितलं. त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या दुसऱ्या बड्या कंपनीच्या आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी एक पेपर मांडला. त्यांचं म्हणणं असं, की ५०-५०ची मॅच ही खेळाडूला टिकवून ठेवणारी मॅच असेलच असं नाही. तुम्ही आत्ता सलग हरून बसला आहात की जिंकून, यावर तुम्ही गेम बंद करणार की नाही ते अवलंबून असतं. मग पुढची जोडी तुम्ही टिकावं या हिशेबानेच का लावू नये?

भावाच्या गेममध्ये असं होतंय याचा कुठलाही पुरावा नाही, आणि मला तसं वाटतही नाही. त्याच्या पाच पराभवांना साधं गणित पुरतं. पण त्याचा संशय हवेतून आलेला नाही. गाठ घालून देणारा आणि पाकिटं विकणारा एकच असेल, तर माणूस हिशेब मागणारच. मध्यस्थ काकूंचंच मंगल कार्यालय असेल तर आपण दोनदा विचार करू की नाही?

म्हणून मला पुन्हा त्या बुद्धिबळाच्या हॉलकडे जावंसं वाटतं. आपल्याकडच्या बहुतेक ओपन स्पर्धा स्विस लीगने होतात. १८९५मध्ये झुरिकला पहिल्यांदा वापरली, म्हणून स्विस. पहिल्या फेरीत रेटिंगप्रमाणे यादी लावायची, मधोमध कापायची आणि वरच्या अर्ध्यातला पहिला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी खेळवायचा. पुढच्या फेऱ्यांत सारखे गुण असलेले एकमेकांशी. एकदा खेळलेल्यांची परत गाठ नाही, पांढरी-काळी मोहरी शक्यतो आलटूनपालटून. यातही कॉम्प्युटरच जोड्या लावतो. पण नियम छापलेले असतात, पेअरिंगचा कागद भिंतीवर लागतो, चेस-रिझल्ट्सवर सगळ्या जगाला दिसतो. चूक वाटली तर आर्बिटरकडे जाता येतं, आणि नागपूरच्या आया जातातच! कार्ड गेममध्ये भिंतही नाही आणि कागदही नाही. चक्र थांबतं, नाव येतं, खेळा.

बरं, पेअरिंग उघड असलं म्हणजे निकाल ठरलेला असतो असंही नाही. बाटुमीच्या त्या वर्ल्ड कपला दिव्याला मानांकन होतं १५वं. रेटिंगच्या कागदावर ती फायनलला दिसत नव्हती. तिने वाटेत झू जिनर, हरिका द्रोणवल्ली, तान झोंगयी यांना घरी पाठवलं आणि २८ जुलै २०२५ला टायब्रेकमध्ये कोनेरू हंपीला.

गड्डी एक नव्हे, चार

रमीचं काय, असं काही जण विचारतील. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीत गाठ पडायची ती टेबलाच्या रकमेवर. तुम्ही किती पाण्यात आहात यापेक्षा किती रुपये लावताय ते महत्त्वाचं. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, त्यात पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता मिळाली.

या ई-स्पोर्ट्सच्या मोठ्या स्पर्धांमध्ये ‘बाप आला’ची तक्रार फारच हुशारीने मिटवलेली असते. हर्थस्टोनची नेहमीची पद्धत अशी, की खेळाडूने एक नाही, चार डेक आणायचे. समोरच्याने त्यांतला एक बाद करायचा. उरलेल्यांतल्या प्रत्येकाने एकदा जिंकून दाखवायचं. म्हणजे तुमच्या एका डेकचा बाप निघाला तरी दुसरा डेक आहे, आणि सगळ्यात नकोसा बाप तुम्ही आधीच दाराबाहेर ठेवलेला असतो. २०१८च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होतं. तिथे गुजरातमधल्या भुजच्या तीर्थ मेहताने हर्थस्टोनमध्ये भारतासाठी ब्राँझ आणलं, व्हिएतनामच्या खेळाडूला ३-२ने हरवून. प्रात्यक्षिक असल्याने ते पदकतालिकेत मोजलं गेलं नाही.

पुढच्या एशियन गेम्सला, हांगझोला, हर्थस्टोन खऱ्या पदकांच्या यादीत होता. ई-स्पोर्ट्सचे आठ प्रकार ठरले होते. तीर्थही पुन्हा तयारीत होता. पण गेम बनवणारी ब्लिझार्ड आणि तिची चीनमधली भागीदार नेटईज यांचा करार तुटला आणि २३ जानेवारी २०२३ला चीनमधले हर्थस्टोनचे सर्व्हर बंद पडले. आयोजकांनी हर्थस्टोन यादीतून काढला, आठाचे सात झाले. चीनमध्ये तो गेम परत सुरू झाला सप्टेंबर २०२४मध्ये. हांगझोची स्पर्धा संपून तेव्हा वर्ष होत आलं होतं.